परिचय कुणी लिहायचा?

भोर आणि वेल्हे तालुक्यांत (वेल्ह्याचं नाव आता राजगड तालुका झालं आहे) चैत्र लागला की यात्रांचा हंगाम सुरू होतो. अखंड हरिनाम सप्ताह तर वर्षभर कुठल्या ना कुठल्या गावात चालूच असतात. प्रत्येक कार्यक्रमाची पत्रिका निघते. तीत कीर्तनकार, गायनाचार्य, मृदंगाचार्य, भजनी मंडळ, बँड पथक, ऑर्केस्ट्रा अशी सगळ्यांची नावं असतात आणि अलीकडं प्रत्येक नावाआधी विशेषणांची रांग लागलेली असते. स्मरणिका निघाली तर अर्ध्या अर्ध्या पानाचा परिचयही असतो. हा परिचय बहुतेक वेळा ज्याचा त्यानंच लिहिलेला असतो, पण ‘मी’ टाळून ‘ते’ वापरलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, दुसऱ्या कुणी तरी गौरव केला आहे.

ही बाब किरकोळ नाही. खेड्यातल्या कलावंताबद्दल कागदावर उरणारा हा पुष्कळदा एकमेव मजकूर असतो. म्हणून त्याच्या दोन्ही बाजू नीट मांडायला हव्यात. पुढच्या संवादातली दोन माणसं कल्पित आहेत, त्यांचे मुद्दे मात्र या भागात खरोखर बोलले जातात. मामा वेल्ह्याकडच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. भाची पुण्यात संगीत शिकली आणि आता भोरमध्ये पत्रिका, स्मरणिका यांची अक्षरजुळणी करते. गावच्या सप्ताहाची स्मरणिका छापायला जायची आहे. कलावंतांसाठी एकच पान राखलेलं आहे आणि एका तरुण गायकानं स्वतः लिहून पाठवलेला परिचय तिच्यासमोर आहे.

मामा : वाच बरं पुन्हा.

भाची : “स्वरांचे अनभिषिक्त सम्राट, लाखो रसिकांच्या हृदयावर अधिराज्य गाजवणारे, बालपणापासूनच संगीताचं बाळकडू लाभलेले, देशविदेशात हजारो कार्यक्रम गाजवलेले…” पुढं अजून बराच मजकूर आहे.

मामा : यात त्याचं गाव कुठं आहे?

भाची : नाही दिलेलं.

मामा : गुरूचं नाव?

भाची : तेही नाही.

मामा : मग हा परिचय कुणाचा? फोटो बदल, नाव बदल, पुढच्या सप्ताहात दुसऱ्याच्या खाली छाप. एक अक्षर हलवावं लागणार नाही. मी त्या पोराला ऐकलंय. गळा गोड आहे, तालाला पक्का आहे, मेहनत करतो. यातलं काहीच तू वाचलेल्या मजकुरात नाही.

भाची : तुमचं खरं आहे मामा, पण त्यानं लिहायचं नाही तर कुणी लिहायचं? पुण्यात मैफल झाली की पेपरात चार ओळी तरी येतात. केळद-पासलीच्या भजनाला कोण समीक्षक येणार? घाटाखालून रात्री गाडी करून येणाऱ्या पोरांच्या गाण्याबद्दल आजवर कुणी काय लिहिलंय? जगानं दखल घ्यायची नाही आणि त्यानं स्वतः लिहिलं की त्याला बढाईखोर म्हणायचं, हा न्याय नाही.

मामा : स्वतः लिहायला माझी हरकत नाही. स्वतःला पदवी द्यायला आहे. नारायण राजहंस लहान असताना १८९८ साली लोकमान्य टिळकांनी गाणं ऐकलं आणि ‘बालगंधर्व’ म्हटलं. रामभाऊ कुंदगोळकरांना अमरावतीत दादासाहेब खापर्ड्यांनी ‘सवाई गंधर्व’ केलं. ऐकणाऱ्यानं दिलं, गाणाऱ्यानं पेललं. ‘बालगंधर्व’ हे नाव मिळाल्यावर माणसाला आयुष्यभर त्या नावाला जागावं लागतं. स्वतःच घेतलेल्या नावाला कोण जाब विचारणार?

भाची : टिळक ऐकायला बसले होते म्हणून ते घडलं. खापर्डे वऱ्हाडातले मोठे पुढारी होते, त्यांचा शब्द महाराष्ट्रभर पोचायचा. पदवी देणारा मोठा माणूस समोर असणं हेसुद्धा भाग्यच, मामा. ते शहराच्या आणि नाटक मंडळीच्या वाट्याला आलं. आमच्या सप्ताहात ऐकायला बसलेल्या म्हातारीनं “वा रे पोरा” म्हटलं, तर ती दाद मंडपाबाहेर जात नाही.

मामा : त्या म्हातारीची दाद लिही की मग. ती खरी आहे. लाखो रसिक मात्र खोटे आहेत.

भाची : आणि बढाई काय आज आली? कलगी-तुऱ्याच्या फडात काय असायचं? एक शाहीर उभा राहून आपल्या ज्ञानाचा डंका पिटायचा, समोरच्याला कोड्यात अडकवायचा, आपल्या गुरूची परंपरा सगळ्यात थोर म्हणून सांगायचा. आपण त्याला लोककला म्हणतो, अभिमानानं जपतो. तोच डंका छापला की वाईट कसा?

मामा : मोठा फरक आहे. फडात दुसरा शाहीर डफ घेऊन समोर बसलेला असायचा. याच्या बढाईला त्याचं उत्तर तिथंच, त्याच रात्री, सगळ्या गावासमोर. सवाल सुटला नाही तर मान खाली घालायला लागायची. बढाई मारणारा आपली अब्रू गहाण टाकून मारायचा. पत्रिकेवरच्या बढाईत काय गहाण आहे? ‘देशविदेशात हजारो कार्यक्रम’ लिहिलं, तर “कुठले देश सांग” असं विचारायला मंडपात कुणी उठतो का?

भाची : हे मान्य. पण आपलं नाव आपण सांगण्याची रीत जुनीच आहे. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचणारा अग्निदास घ्या. वध १६५९ चा. पोवाड्यात त्यानं स्वतःचं नाव घातलंय आणि बक्षीस काय मिळालं तेही सांगितलंय. तोही आपला परिचय आपणच देत होता.

मामा : दिला ना. काय दिलं त्यात? आपलं नाव आणि मिळालेलं बक्षीस. सगळं मोजता येण्याजोगं. शाहीर-सम्राट म्हटलं का त्यानं स्वतःला? अभंगाच्या शेवटी संतांची नाममुद्रा येते, तीही एका नावाची. ख्यालाच्या बंदिशीतही तसंच आहे ना? तूच मला सांगितलं होतंस.

भाची : हो. जगन्नाथबुवा पुरोहितांच्या बंदिशीत ‘गुणीदास’ येतं, फैयाज खाँसाहेबांच्या ‘प्रेमपिया’, भातखंड्यांच्या ‘चतुर’. रचना कुणाची हे कळावं म्हणून एक शब्द.

मामा : सबंध रचना ऐकवून झाली की शेवटी एक शब्द स्वतःसाठी. आता बंदिश नाही, नुसतीच मुद्रा आहे.

भाची : तुम्ही सगळं फार सोपं करता. मोठ्यांनीही आपल्याबद्दल मोठं सांगितलंय. अल्लादिया खाँसाहेबांनी उतारवयात आपली हकिकत नातवाला, अझीझुद्दीन खाँना, सांगितली. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिलेले, जयपूर-अत्रौली घराणं उभं करणारे गवई. त्यांनी आपल्या कुळाचं मूळ थेट नाथ विश्वंभरांपर्यंत नेलंय. त्याचा पुरावा कोण मागणार? तोही स्वतः सांगितलेला मोठेपणाच.

मामा : पण त्याच खाँसाहेबांचा आवाज अमलेट्याच्या दरबारात अतोनात गाऊन बसला, हेही जगाला त्या घराण्याकडूनच कळलं ना? पूर्वीचा आवाज परत आला नाही आणि उरलेल्या आवाजाला साजेल अशी गायकी त्यांनी घडवली, असं जाणकार मानतात. कुळ थोर सांगितलं आणि आवाज गेला हेही लपवलं नाही. या पोराच्या परिचयात काही बिघडल्याची, काही अडल्याची एक तरी ओळ आहे? ज्याच्या आयुष्यात काहीच अडलं नाही, तो शिकला कधी?

भाची : आता आपल्या भोरचंच उदाहरण देते. कारीच्या जेध्यांचा ‘करीना’. घराण्यानं स्वतः लिहून ठेवलेली हकिकत. आमच्या पूर्वजांनी काय पराक्रम केले, वतन आमच्याकडं कसं आलं, हे सांगण्यासाठी लिहिलेली. म्हणजे हक्क शाबित करायला लिहिलेला परिचयच. इतिहासकारांनी तो टाकून दिला नाही, उलट शिवकाळ समजून घ्यायला वापरला. स्वतःच्या फायद्यासाठी लिहिलेला मजकूरही मोलाचा ठरतो, मामा.

मामा : चांगलं काढलंस. त्याच कारीच्या घराण्याकडं ‘जेधे शकावली’ही होती. ती कशी आहे? अमुक शके, अमुक तिथी, अमुक घडलं. विशेषण नाही, वर्णन नाही. टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. शिवाजी महाराजांची जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी तीत होती. त्यावर अनेक वर्षं वाद झाले आणि शेवटी राज्य सरकारनं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. कुणी तरी निमूटपणे लिहून ठेवलेल्या एका ओळीनं सबंध महाराष्ट्राचा वाद मिटवला. ‘महापराक्रमी, थोर, अद्वितीय’ असं तिथं भरलं असतं, तर आज काय हाती लागलं असतं?

भाची : पण करीन्यातही माणसं, गावं आणि प्रसंग आहेत.

मामा : म्हणून तोही टिकला. स्वतःचं भलं बघून लिही, माझी ना नाही, पण माणसं, गावं, प्रसंग लिही. खोटं असेल तर उद्या कुणी तरी खोडून काढेल, खरं असेल तर कामाला येईल. ‘लाखो हृदयांवर अधिराज्य’ हे खोडताही येत नाही आणि कामालाही येत नाही.

भाची : पोटाचं काय? तुमची शेती आहे, भजन तुमची भक्ती आहे. त्या पोराची ती रोजीरोटी आहे. यात्रा कमिटी पाच पत्रिका समोर ठेवते. चार जणांच्या नावाआधी ‘सम्राट’, ‘केसरी’, ‘टीव्ही फेम’ आणि याच्या नावाआधी काहीच नाही. सुपारी कुणाला मिळेल? खरं लिहिणाऱ्यानं उपाशी राहायचं का?

मामा : हा तुझा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. याचं उत्तर एकट्या त्या पोरानं द्यायचं नाही, कमिटीनंही द्यायचं. बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, तसं गायक ठरवताना एकदा ऐकायला काय हरकत आहे? आता तर मोबाइलवर गाणं मिळतं. आपण ऐकत नाही, विशेषणं मोजतो. म्हणून ती वाढली.

भाची : आणि सरकारी योजनेचं? ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन योजना १९५४-५५ पासून आहे, २०२४ मध्ये तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं आणि महिना सरसकट ५,००० रुपये झाले. पन्नाशीच्या पुढचं वय आणि किमान १५ वर्षांचं काम असा नियम आहे. अर्ज भरायला माझ्याकडं लोक येतात. गोंधळी येतात, वाघ्ये येतात, तमाशात आयुष्य काढलेल्या बायका येतात. त्यांना स्वतःबद्दल दोन वाक्यं सांगता येत नाहीत. अशा वेळी नीट लिहिलेला परिचय म्हणजे महिन्याचा किराणा असतो.

मामा : आणि तिथं काय मागतात? ‘सम्राट’ लिहिलं की पैसे मिळतात का?

भाची : नाही. प्रमाणपत्रं, पत्रिका, कात्रणं, फोटो मागतात.

मामा : बघ. म्हणजे खऱ्या गरजेच्या वेळी पुन्हा तारीख, गाव आणि नाव हेच लागतं. त्या गोंधळ्यानं आजवर वाजवलेल्या पत्रिकांत त्याचं नाव छापलेलं असतं, तर आज तेच पुराव्याला आलं असतं. पण त्यात असतं ‘सुप्रसिद्ध अमुक आणि पार्टी’. संबळवाला ‘पार्टी’त बुडाला.

भाची : हे मी अर्ज भरताना नेहमी बघते. “मी त्या फडात तुणतुणं धरायचो” म्हणतात, पण कागदावर कुठंच नाव नसतं.

मामा : अजून एक सांग. ‘आकाशवाणी कलाकार’ असं आता सगळेच लिहितात. त्याचा अर्थ काय?

भाची : खरा अर्थ कडक आहे. बा. वि. केसकर १९५२ मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि त्यांच्या काळात स्वरचाचणी आणि श्रेणी देण्याची पद्धत घट्ट बसली. नामवंतांनीही त्या वेळी विरोध केला होता. गाणाऱ्याचं नाव परीक्षकांना कळू न देता ध्वनिमुद्रण ऐकवायचं आणि मग श्रेणी द्यायची : बी, बी हाय, ए, टॉप. पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं. त्या चाचणीतून गेलेला कलाकार वेगळा आणि लहानपणी ‘बालोद्यान’ या मुलांच्या कार्यक्रमात एकदा गाऊन आलेला वेगळा. पण परिचयात दोघंही एकच शब्द लिहितात.

मामा : ‘विशारद’चं?

भाची : गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात वर्षं, अलंकारला पुढं आणखी दोन. कीर्तनकारांचं म्हणाल, तर आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेचा अभ्यासक्रम चार वर्षांचा.

मामा : मग ज्यानं सात वर्षं घासली, त्याचं ‘विशारद’ आणि दुसऱ्यानं स्वतःला लावलेलं ‘गायनाचार्य’ पत्रिकेवर शेजारी शेजारी छापून येतात, तेव्हा अन्याय कुणावर होतो? गावावर होतोच, पण आधी सात वर्षं घासणाऱ्यावर होतो. फुगवलेला परिचय निरुपद्रवी आहे असं म्हणणाऱ्यांनी त्याच्याकडं बघावं.

भाची : ठीक आहे. विशेषणांची बाजू मी सोडते. पण स्वतः लिहिण्याची बाजू सोडणार नाही, आणि आता तुमच्याकडं वळते.

मामा : माझ्याकडं कशाला?

भाची : जर्मनीत हॅम्बुर्गला योहान मॅटेसन नावाचा संगीतज्ञ होता. त्यानं संगीतकारांना सांगितलं, आपापलं चरित्र लिहून पाठवा. १७४० मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. पुष्कळांनी लिहिलं. टेलमाननं लिहिलं. मागूनही योहान सेबॅस्टियन बाखनं काही पाठवलं नाही. आज सारं जग बाखला मानतं, पण त्याच्या स्वतःच्या तोंडून त्याचं आयुष्य कुणालाच ऐकायला मिळत नाही. तो गेल्यावर मुलानं आणि शिष्यानं मृत्युलेख लिहिला, त्यावर भागवावं लागतं. बाखला मुलगा आणि शिष्य तरी होते. तुमच्यामागं कोण लिहिणार?

मामा : माझ्याबद्दल लिहिण्यासारखं काय आहे?

भाची : हेच ते. ज्याच्याजवळ सांगण्यासारखं आहे तो “माझं काय” म्हणून गप्प बसतो आणि मग पान त्या सम्राटांच्या हाती जातं. शाहीर साबळे मांढरदेवीच्या घाटापलीकडच्या पसरणीचे. आयुष्यभर लोकांसाठी पोवाडे गायले, आणि शेवटी आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याला नाव दिलं ‘माझा पवाडा’. कुणी त्याला बढाई म्हटलं नाही. तुम्ही तुमच्या गुरूंचं नाव एकदा तरी कुठल्या कागदावर घातलंय का? पानशेत धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावातून ते पखवाज घेऊन वर आले, असं तुम्हीच सांगता. गाव गेलं, ते गेले. त्यांचे बोल आता फक्त तुमच्या हातात आहेत. तुम्ही गप्प बसलात तर त्यांचंही नाव जाईल. हा विनय कसला, मामा? त्यांच्या नावाचा हिशेब तुमच्याकडं बाकी आहे.

मामा : असा मी विचार केला नव्हता. आपल्याकडं सांगायचे, आपलं आपण बोलू नये.

भाची : आपली थोरवी बोलू नये. आपलं शिक्षण, आपले गुरू, आपलं गाव बोलावंच. तुम्हीच आत्ता शकावलीचं कौतुक केलंत. तीही घरातल्याच कुणी तरी लिहिली म्हणून राहिली. सगळ्यांनी संकोच केला असता, तर कारीत काय सापडलं असतं?

मामा : बरं. सांगतो, तू लिही. पण त्या पोरालाही बोलाव. त्याचा परिचय काढून टाकू नकोस, त्याचं मन मोडेल. त्याला समोर बसवून विचार. पहिलं भजन कुठं म्हटलं, पेटी कुणी शिकवली, कुठल्या गावाला रात्रभर गायला, कुठला राग अजून जमत नाही. तो सांगेल. तरुण पोरं फुगवून लिहितात, कारण खरं काय ते त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

भाची : म्हणजे परिचय त्यानंच लिहायचा, पण प्रश्न आपण विचारायचे.

मामा : हां. आणि खाली लिहायचं, ‘कलावंतानं स्वतः दिलेली माहिती’. ‘मी’ लिहायला लाजायचं नाही. ‘ते’ लिहून दुसऱ्यानं म्हटल्याचा भास करायचा नाही.

भाची : हे मी उद्यापासून प्रत्येक स्मरणिकेला करीन. मंडळांना एक कोरा तक्ता देईन : गाव, गुरू, किती वर्षं शिकला, कुठं आणि कधी गायला, साथीला कोण.

मामा : साथीला कोण हे आधी घे. आमच्या मंडळातले टाळकरी, चाल धरणारे, पेटीवाला, सगळे. पोवाड्याच्या पार्टीतले झीलकरी, गोंधळ्यामागचा संबळवाला. एकाचंही नाव ‘आणि सहकारी’ म्हणून गिळायचं नाही. ही माझी अट. ती मान्य नसेल तर माझाही परिचय नको.

भाची : मामा, अट मान्य आहे, पण पान एकच आहे. एवढी नावं मावणार कुठं?

मामा : त्या पानावरची विशेषणं काढ. सगळ्यांना जागा होईल.